जॉबर, बदली, मस्टर : गिरणगावाने घडवलेली मनुष्यबळ व्यवस्थापनाची परिभाषा

#थ्रेड

१/
भरती, परिवीक्षा, सेवाशर्ती, शिस्तभंग, कामगार कल्याण... मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात या संज्ञा ओळीने येतात आणि व्याख्या पाठ करून परीक्षाही देता येते. मात्र यांतील अनेक संज्ञांवर मुंबईच्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या झगडा झाला आहे. माणसाला कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा त्या झगड्याचा गाभा होता.

२/
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली. तिची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि रत्नागिरी, सातारा यांसारख्या जिल्ह्यांतून माणसे मुंबईस येऊ लागली. व्यवस्थापकाला या माणसांची ना ओळख होती, ना त्यांच्या गावांची. कामगार खाते तर नव्हतेच. ही पोकळी भरून काढली ‘जॉबर’ने.

३/
जॉबर हा पदाने मुकादम. खात्यातील यंत्रे चालती ठेवणे, कामावर नजर ठेवणे, माणसे आणणे, रजा देणे व काढून टाकणे, हे सारे त्याच्याकडे असे. स्त्री कामगारांवर ‘नायकीण’ असे. काम मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी जॉबरला ‘दस्तुरी’ द्यावी लागे. नडीला उसने पैसे देणारा, चाळीत खोली मिळवून देणारा, खानावळीत शब्द टाकणारा माणूसही पुष्कळदा तोच असे.

४/
तथापि जॉबरला सर्वसत्ताधीश मानणे चुकीचे ठरेल. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की, त्याचे बळ वस्तीतील संबंधांवर उभे होते. गाववाल्यांनी पाठ फिरवली तर त्याला माणसे मिळत नसत, आणि माणसे न आणणारा जॉबर व्यवस्थापकाच्याही उपयोगाचा राहत नसे. म्हणून संपाच्या काळात काही जॉबर मालकांच्या बाजूने उभे राहिले, तर काही कामगारांच्या.

५/
दुसरा शब्द ‘बदली’. कायम कामगाराचा खाडा झाला की त्याच्या जागी एका दिवसापुरता घेतलेला माणूस म्हणजे बदली कामगार. पहाटे भोंगा वाजण्याच्या सुमारास गिरणीच्या दारात अशा माणसांची गर्दी उभी असे. आज कोणाला आत घ्यायचे, हे बहुधा जॉबर ठरवी. ज्याची निवड होत नसे, तो त्या दिवसाच्या मजुरीला मुकून परत फिरे.

६/
‘सेवाशर्ती’ या कल्पनेला मुंबईत पहिली ठोस भाषा दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांची सभा भरली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन, अशा त्यातील मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

७/
‘समान संधी’ हा शब्द प्रचारात येण्यापूर्वी तिचा अभाव गिरण्यांत रोज दिसत होता. विणाई खात्यात मजुरी अधिक मिळे, पण तेथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळ होतो, असे सवर्ण विणकर म्हणत. हा नियम कागदावर कुठेही नव्हता. १९२८–२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. भरतीतील भेदभाव हा कामगार चळवळीचाही प्रश्न आहे, हे त्यामुळे टाळता येईनासे झाले.

८/
१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने चालला. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन किंवा चार साचे पाहावेत, अशा ‘कार्यक्षमते’च्या योजनांविरुद्ध तो उभा राहिला होता. याच संपात गिरणी कामगार युनियन पुढे आली. कामगारांनी १७ मागण्या मांडल्या आणि मालकांनी ‘स्टँडिंग ऑर्डर्स’चा, म्हणजे स्थायी आदेशांचा, मसुदा मांडला. दोन्हींची छाननी फॉसेट समितीने केली.

९/
स्थायी आदेश म्हणजे कामाच्या वेळा, उशीर, रजा, दंड आणि बडतर्फी यांचे लेखी नियम. मालकांना ते शिस्तीसाठी हवे होते. कामगारांना मसुदा एकतर्फी वाटला, परंतु लेखी नियमाचा एक लाभ त्यांनाही होता : जे लिहिलेले आहे, त्यावर बोट ठेवून भांडता येते. जॉबरच्या तोंडी हुकुमावर तसे भांडता येत नसे. १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह कायद्याने असे आदेश मंजूर करून घेणे मालकांना बंधनकारक केले.

१०/
१९२९ मध्ये नेमलेल्या ‘रॉयल कमिशन ऑन लेबर’चा, म्हणजेच व्हिटली आयोगाचा, अहवाल १९३१ मध्ये आला. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी व ती ‘लेबर ऑफिसर’कडे सोपवावी, अशी आयोगाची शिफारस होती. आजच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याचा भारतातील पूर्वज हाच.

११/
१९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रण पद्धत आली. दर महिन्याच्या आरंभी ठरावीक माणसांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, असे तिचे स्वरूप होते. दारातली गर्दी आता यादीत आली. दस्तुरीला आळा बसावा हा हेतू होता. जॉबर एका रात्रीत नाहीसा झाला नाही, परंतु त्याच्या शब्दासमोर कार्ड आणि मस्टर उभे राहिले.

१२/
नव्या पदासाठी शिकलेली माणसे हवी होती. १९३६ मध्ये मुंबईत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ ने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. एकेकाळी वस्तीतील वजनावर चालणारे काम आता पदवीवर चालू लागले.

१३/
गिरणगावाचा शब्द कायद्यातही पोहोचला. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील नमुना नियमांत कामगारांचे वर्ग होते : कायम, परिवीक्षाधीन, बदली, तात्पुरता, नैमित्तिक, शिकाऊ. इंग्रजी मजकुरातही ‘बदली’ हा शब्द तसाच राहिला. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २५-सी मध्ये त्याची व्याख्या होती : ज्याचे नाव मस्टरवर आहे, त्या दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा. सलग सेवेचे एक वर्ष पूर्ण झाल्यास या कलमापुरते त्याला बदली मानायचे नाही, असेही तेथे म्हटले होते.

१४/
वर्ष मोजले जाण्यासाठी दिवस भरावे लागतात आणि दिवस भरण्यासाठी काम मिळावे लागते. अनेकांची उमेद बदलीतच सरली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही त्यात होती. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या.

१५/
आज ‘कंत्राटी’, ‘करारबद्ध’, ‘पुरवठादारामार्फत’ हे शब्द नियुक्तिपत्रांत दिसतात. माणसे पुरवणारा मध्यस्थ पुन्हा कामगार आणि मालक यांच्या मध्ये उभा आहे. फरक इतकाच की त्याच्याकडे नोंदणीकृत कार्यालय आहे. मनुष्यबळ व्यवस्थापनाची कोणतीही नवी संज्ञा कानी आली की गिरणगावाचा इतिहास जाणणाऱ्याने दोन गोष्टी तपासाव्यात : मस्टर कोणाचे आहे, आणि उद्या कामावर येण्याचा हक्क त्यात लिहिला आहे की नाही.

#गिरणगाव #मुंबईचा_इतिहास #कामगार_इतिहास