पलटणीतून वरातीत: वापरलेल्या लहान ट्यूबाचा व्यापार

लहान ट्यूबा म्हणजे पितळी वाद्यांतले मंद्र स्वराचे, तरीही एका माणसाला चालता चालता वाजवता येणारे वाद्य. बँडमध्ये त्याची दोन रूपे दिसतात. ई-फ्लॅट बासची नळी उलगडली तर सुमारे १३ फूट भरते, युफोनियमची सुमारे ९ फूट. मोठ्या बी-फ्लॅट बासची नळी १८ फुटांच्या घरात जाते. महाराष्ट्रात ही वाद्ये पलटण, संस्थान, पोलीस दल आणि वरातीचा बँड या वाटेने हातोहात फिरली. त्यामुळे इथला त्यांचा इतिहास बराचसा जुन्या मालाच्या खरेदी-विक्रीचाच इतिहास आहे.

ट्यूबा मुळात लष्करी गरजेतून जन्मला. प्रशियाच्या लष्करी वाद्यवृंदांचा पुढे प्रमुख झालेला विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरित्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढच्या दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्सने आपल्या सॅक्सहॉर्नांचा संच सिद्ध केला आणि ब्रिटिश बँडांची घडण त्यावर झाली. १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली. तेव्हापासून बँडमास्तर एका शिस्तीत तयार होऊ लागले, आणि हिंदुस्थानातल्या छावण्यांत त्यांच्याबरोबर बेसन, बूझी अशा कारखान्यांची वाद्येही आली.

कोकणाला पलटण परकी नव्हती. दापोली हा निवृत्त सैनिकांचा कँप होता आणि महाड तालुक्यातल्या आंबवडे गावाला लोक आजही फौजी आंबवडे म्हणतात. तुडील गाव आणि सावित्री खाडीचा पट्टा मुंबईशी जोडलेला होता तो पाण्याने. बाणकोटच्या तोंडातून आत शिरलेली गलबते आणि होड्या दासगाव-महाडपर्यंत येत. १९२७ च्या डिसेंबरात चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी निघालेले डॉ. आंबेडकरही बोटीनेच दासगावला उतरले. गावातल्या कार्याला मात्र खालूबाजा वाजे. सनई, ढोल, टिमकी यांच्या त्या मेळात पितळी मंद्र वाद्याला जागा नव्हती. बँड आला तो शहरी वरातीची ऐट म्हणून.

वरातीच्या बँडला वाद्ये पुरवणारी दोन मोठी ठाणी होती. एक मेरठ. तिथे लष्करी बँडमधल्या नादिर अली यांच्या नावाची कंपनी १८८५ मध्ये सुरू झाली आणि जाली कोठी हा भाग पितळी वाद्यांच्या कारागिरीसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. दुसरे मुंबई. धोबी तलावाच्या आसपास वाद्यांची दुकाने होती, त्यांपैकी फुर्टाडोजची सुरुवात १८६५ ची. त्याच वस्तीत गोव्याहून आलेल्यांचे कूड, म्हणजे गाववार वसतिगृहे, होते. गावच्या चर्चशाळेत स्वरलिपी शिकलेले गोवेकर वादक लष्कराच्या, पोलिसांच्या आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. वादक, दुकान आणि दुरुस्तीवाला हाकेच्या अंतरावर असले की जुना माल टिकतो आणि खपतो. भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात तर मोडकी, दबलेली, अर्धवट वाद्येही मिळत.

सत्तांतराने या व्यापाराचे गणित बदलले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियातून निघून गेली. पाठोपाठ संस्थाने विलीन झाली, १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूरही मुंबई प्रांतात आले, आणि दरबारी बँडांचा आश्रय संपला. १९५० च्या दशकाअखेर परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली, आयातीवर कडक निर्बंध आले आणि ते १९९१ पर्यंत कमी-अधिक टिकले. नवे विलायती वाद्य दुर्मीळ झाले. साहजिकच जुन्या बूझी किंवा बेसनवरच्या कोरीव शिक्क्याला भाव आला. शिक्का ओळखीचा असला की पारख न करता पैसे मोजण्याचा मोह होतो, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते.

ही फसवणूक सर्वांत जास्त होते ती सुराच्या उंचीत. ब्रिटिश बँडांचा जुना सूर चढा होता. त्यात ‘ए’ स्वराची कंपने सेकंदाला सुमारे ४५२ असत. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, पण ब्रिटनमधल्या ब्रास बँडांनी चढा सूर १९६० च्या दशकापर्यंत सोडला नाही. दोन्हींत जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचे अंतर आहे. चढ्या सुराचे युफोनियम उतरवायचे तर नळीत सुमारे तीन इंचांची, ई-फ्लॅट बासमध्ये चार इंचांची भर घालावी लागते, शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हची सरकनळी त्याच प्रमाणात वाढवावी लागते. सगळा बँड चढ्या सुराचाच असेल तर वरातीत काही अडत नाही. वरातीच्या गाडीवर कॅसिओ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, आला तेव्हा हा दोष उघडा पडला, कारण कॅसिओचा सूर सहसा ४४० ला बांधलेला असतो.

लहान ट्यूबा मोठ्यापेक्षा लवकर खपतो, त्याचे कारण संगीतात आहे. पाश्चात्त्य बँडमध्ये बास स्वरमेळाचा पाया धरतो. वरातीच्या बँडमध्ये मुख्य असते ती गाण्याची चाल. ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट ती उचलतात, युफोनियम तीच चाल खालच्या सप्तकात वाजवते किंवा मधल्या जागा भरते. म्हणून युफोनियमवाल्याला काम मिळते, तर मोठा बास पुष्कळदा शोभेपुरता उरतो.

जुने वाद्य घेताना जाणकार आधी व्हॉल्व्ह पाहतो. पिस्टन न दाबता सरकनळी ओढायची आणि मग पिस्टन दाबायचा. ‘पॉप’ असा आवाज आला तर हवा धरून राहते, नाही आला तर पिस्टन झिजला असण्याचा संभव आहे. घंटेच्या आकाराच्या पसरट टोकावरचा पोचा सहज निघतो, व्हॉल्व्हच्या नळकांड्यावरचा सहजी निघत नाही. पितळ हे तांबे आणि जस्ताचे मिश्रण असते. वाजवणाऱ्याच्या श्वासातल्या ओलाव्याने तोंडाकडच्या नळीतले जस्त आतून झडते आणि बाहेर लालसर ठिपके उमटतात. तेवढी नळी बदलता येते, पण ठिपके सर्वत्र असतील तर सौदा सोडलेला बरा. पॉलिश आणि लाखेखाली हे सारे झाकले जाते. कोकणातली खारी, दमट हवा आणि पूर यांमुळे ही तपासणी इथे अधिक काटेकोर करावी लागते. जुलै २०२१ मध्ये महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. अशा पाण्याखाली राहिलेले वाद्य बाहेरून धुऊन चकचकीत करता येते, पण गाळाचे बारीक कण पिस्टन आणि नळकांडे दोन्ही घासून टाकतात.

व्यवहाराचा हंगाम लग्नसराईच्या मागेपुढे असतो. तुळशीच्या लग्नापूर्वी मागणी चढते, आषाढात काम थांबले की अडलेला वादक वाद्य विकायला काढतो, म्हणून पावसाळ्यात ते स्वस्त पडते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व हे बँड अजून वाजतात. महाड-पोलादपूरकडे मात्र हळदीला आणि वरातीला बेंजो पार्टी व डीजेने बँडची जागा घेतली आहे. वाजण्यापलीकडे गेलेला ट्यूबा मोडीत पितळाच्या वजनाने जातो. हुशार दुरुस्तीवाला त्याआधी पिस्टन, सरकनळ्या आणि तोंडाची वाटी काढून ठेवतो, कारण त्याच घडणीच्या दुसऱ्या वाद्याला ते भाग बसू शकतात.