पुंगळीचा कमरपट्टा

पोलिसांच्या पंचनाम्यात पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, ही मोजून पाकिटात सील करायची वस्तू. मोठ्या शिकारीच्या रायफलवाल्यांमध्ये मात्र या पितळी पुंगळीच्या आकारावरून शंभरहून जास्त वर्षं हमरीतुमरी चालू आहे, आणि त्यातलं सर्वांत जुनाट भांडण तिच्या बुडाशी असलेल्या एका पट्ट्याचं. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या पेढीने १९१२ साली .३७५ मॅग्नम हे काडतूस (आकडा म्हणजे गोळीचं माप, इंचांत) बाजारात आणलं, त्याच्यामुळे हा पट्टा जगभर गेला. पुढे अमेरिकेत तो ताकदीचं बिरुद झाला. मुळात त्याचं काम अगदी साधं होतं.

काडतूस नळीत सरकवलं की ते नेमकं कुठे थांबायचं, हे कशाने तरी ठरवावं लागतं. जास्त आत गेलं तर पिनेचा ठोका नीट बसत नाही. बसलाच, तर मागे उरलेल्या मोकळ्या जागेत पितळ ताणलं जातं, कधी फाटतं, आणि तापलेला वायू थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. यावरचा जुना उपाय म्हणजे बुडाला बाहेर आलेली किनार. ती नळीच्या तोंडाशी अडते, विषय संपला. दुनळी रायफल मोडून उघडली की याच किनारीला धरून पुंगळी बाहेर ढकलली जाते. बंदूककार जॉन रिग्बीने १८९८ मध्ये काढलेलं .४५० नायट्रो एक्सप्रेस असंच होतं: ८३ मिलिमीटरची, तोंडाकडे किंचित निमुळती पुंगळी, आत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू, आणि ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ६५५ मीटर वेगाने. त्याआधी हत्तीसाठी फोर बोअर वापरत, म्हणजे एका पौंड शिशाचे चारच गोळे होतील एवढी जाड नळी. काळ्या दारूचा धूर एवढा, की जनावर पडलं की अंगावर येतंय ते कळायलाही वेळ लागे.

रिग्बीचं काडतूस हिंदुस्थानात फार काळ टिकलं नाही, त्याला कारण सरकार. लष्कराच्या मार्टिनी-हेन्रीची गोळीही .४५०चीच. बाजारातल्या अशा गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या धास्तीने १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानात या मापाच्या रायफलींवर बंदी आली. मग .४६५, .४७०, .४७५ अशी मापं पुढे आली. हत्तीला फरक कळण्याचं कारण नव्हतं, तो होता कस्टमच्या कारकुनासाठी. याच न्यायाने .३०३ हे लष्करी माप नागरिकांना बंद म्हणून आपल्याकडे .३१५ची रायफल आली. ती इशापूरला बनते, काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं, आणि त्यालाही किनार आहेच.

पण दुनळी रायफल म्हणजे संस्थानिकांचं काम. साध्या वनाधिकाऱ्याला परवडे ती माउझर घडणीची मॅगझिन रायफल, आणि तिथे किनार नडते. एकावर एक रचलेल्या काडतुसांत वरच्याची किनार खालच्याच्या मागे गेली, की बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा) ढकलताना दोन्ही अडकतात. म्हणून किनार गेली आणि अडवण्याचं काम पुंगळीच्या खांद्याकडे, म्हणजे तोंडाजवळ ती जिथे एकदम अरुंद होते त्या उताराकडे आलं. रिग्बीच्याच .४१६ने (१९११) खांदा चांगला ४५ अंशांचा ठेवला, बूड जवळजवळ १५ मिलिमीटर रुंद केलं. आत जागा भरपूर, त्यामुळे दाब कमी. कॉर्डाइट उन्हात जास्त भडकतं, तेव्हा उष्ण मुलखात हा शहाणपणाच होता. मात्र एवढ्या जाड काडतुसासाठी रायफलही मोठी लागे.

हॉलंडने उलटी वाट धरली. त्यांची पुंगळी सडपातळ, लांब आणि निमुळती, खांदा जेमतेम १५ अंशांचा. धुळीने भरलेल्या, तापलेल्या नळीतूनही ती सुळकन निघते. पण इतक्या उतरत्या खांद्यावर अडवण्याची जबाबदारी टाकता येत नाही. म्हणून पट्टा. तो आहे तरी केवढा? रुंदी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, आणि अंगाबाहेर प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर. नख फिरवलं तर जाणवतो, एवढाच. मॅगझिनमध्ये अडकणार नाही अशी ही किनारच.

पुढे घोळ अमेरिकेत झाला. याच पुंगळीवरून बेतलेल्या .३०० मॅग्नमने १९३५ मध्ये हजार यार्डांची विम्बल्डन कप स्पर्धा जिंकली आणि पट्टा म्हणजे मॅग्नम हे समीकरण पक्कं झालं. विंचेस्टरने १९५६ मध्ये .४५८ काढलं. त्याला खांदाच नाही, तेव्हा पट्टा हवाच होता. पण साध्या मापाच्या रायफलीत बसावं म्हणून पुंगळी साडेत्रेसष्ट मिलिमीटरवर आणली. दारू आत दाबून भरावी लागे, ती गठ्ठा होई आणि आफ्रिकेत गोळ्या कमी वेगाने सुटल्याच्या तक्रारी आल्या. .३३८ विंचेस्टर (१९५८) आणि सात मिलिमीटर रेमिंग्टन (१९६२) यांना मात्र उत्तम खांदा असूनही पट्टा चढवला. नुसता मिरवायला! उलट घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांना त्याचा त्रासच. काडतूस पट्ट्यावर थांबतं, खांद्यापाशी जागा सैल राहते, दरवेळी पितळ ताणलं जातं आणि चार-पाच वापरांत पट्ट्याच्या जरा पुढे चीर दिसू लागते.

रूगर आणि हॉर्नाडी या अमेरिकी कंपन्यांनी २००७ मध्ये .३७५ रूगर आणलं. त्यात पट्टा नाही, सगळं अंगच पट्ट्याएवढं जाड केलंय. पुंगळी जवळजवळ सात मिलिमीटरने आखूड, तरी जुन्या .३७५ इतकाच जोर. कागदावर नवीनच सरस, यात शंका नाही. पण आफ्रिकेतल्या कित्येक देशांत मोठ्या जनावरांसाठी .३७५ हे कायद्याने किमान माप आहे, आणि प्रवासात काडतुसांची पेटी हरवली तर तिथल्या दुकानात हमखास मिळतं ते पट्टेवालंच. तिकडे जाणाऱ्याने तेच घ्यावं.