अल्पखर्चातील पेटंट नोंदणी

अल्पखर्चातील पेटंट नोंदणी म्हणजे विद्यार्थी, शेतकरी, कारागीर किंवा लहान उद्योजक यांनी आपल्या शोधावरील हक्क मर्यादित खर्चात सुरक्षित करण्याची प्रक्रिया होय. भारतात ही प्रक्रिया पेटंट अधिनियम, १९७० आणि पेटंट नियम, २००३ यांनुसार चालते. पेटंटासाठी मराठीत ‘एकस्व’ हा शब्दही वापरला जातो. नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. ती प्रत्यक्षात कशी उतरते हे सांगता यावे लागते. शिवाय शोध नवा, त्या विषयातील जाणकारालाही सहज न सुचणारा आणि उद्योगात वापरण्याजोगा असावा लागतो. पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

प्रदर्शन आणि नावीन्य

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तेथे राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपली उपकरणे मांडतात. अशा प्रदर्शनात यंत्राची रचना पाहणाऱ्यांना समजली, तर कायद्याच्या दृष्टीने ती जाहीर झाली. त्यानंतर केलेल्या अर्जावर ‘हे नवे नाही’ असा आक्षेप येऊ शकतो, आणि तो शोधकाच्या स्वतःच्याच प्रकटीकरणामुळे आलेला असतो. वृत्तपत्रातील सविस्तर बातमी किंवा समाजमाध्यमावरील चित्रफीत यांचाही परिणाम तोच.

अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे. परंतु प्रदर्शनापुरती ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच लागू होते. शोधकाने विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधालाही तिचा लाभ मिळतो. शाळेचे किंवा तालुक्याचे प्रदर्शन आपोआप या सवलतीत येते असे धरून चालणे धोक्याचे आहे. आधी अर्ज, मग प्रदर्शन, हाच क्रम सुरक्षित ठरतो.

आराखडा पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाठवला की हक्क मिळतो, हा समज बराच रूढ आहे. त्याने पेटंटाचा कोणताही हक्क निर्माण होत नाही.

तात्पुरते विवरण

शोध पूर्णत्वास गेलेला नसला तरी तात्पुरत्या विवरणासह अर्ज करता येतो. त्यात दावे लिहावे लागत नाहीत. मात्र जे त्यात वर्णिलेले असते, त्यालाच त्या तारखेचा अग्रक्रम मिळतो. म्हणून एका परिच्छेदात उरकलेले विवरण फारसे उपयोगी पडत नाही. रेखाकृती, मापे, पर्यायी रचना हे सारे त्यात यावे.

पूर्ण विवरण १२ महिन्यांच्या आत दाखल न केल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. शोध तोवर गुप्त राहिला असेल तर नव्याने अर्ज करणे शक्य असते. परंतु तात्पुरता अर्ज करून शोध प्रदर्शनात मांडला आणि पुढचे वर्ष तसेच निघून गेले, तर ही वाटही सामान्यतः बंद होते. परीक्षा आणि प्रवेशाच्या धांदलीत विद्यार्थ्यांकडून नेमकी हीच तारीख चुकण्याचा संभव असतो.

शुल्क

व्यक्ती, नवउद्यम, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना सवलतीचे दर आहेत. ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये, तर इतरांसाठी ८,००० रुपये आहे. विवरण ३० पृष्ठांपेक्षा मोठे असल्यास प्रत्येक जादा पृष्ठाला १६० रुपये आणि दहाहून अधिक दावे असल्यास प्रत्येक जादा दाव्याला ३२० रुपये द्यावे लागतात. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते. तिचे शुल्क ४,००० रुपये आहे. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ही विनंती अग्रक्रम तारखेपासून ३१ महिन्यांत करायची असते. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. म्हणजे आटोपशीर अर्जाचे मूळ सरकारी शुल्क ५,६०० रुपये होते, आणि ते एकाच वेळी भरावे लागत नाही.

पेटंट मिळाल्यावर ते टिकवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क लागू होते. सवलतीच्या दराने ते वर्षाला ८०० रुपयांपासून सुरू होऊन अखेरच्या पाच वर्षांत ८,००० रुपयांवर जाते. पूर्ण मुदतीची बेरीज ७६,८०० रुपये होते. उत्पादन चालले नाही तर पेटंट मध्येच सोडून देता येते.

खरा खर्च पेटंट एजंटाच्या मेहनतान्याचा असतो. कायद्याने एजंट नेमणे सक्तीचे नाही. महाराष्ट्रातील अर्जदाराला मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे स्वतः अर्ज करता येतो. तथापि दाव्यांची भाषा ढिली असल्यास पेटंट मिळूनही नक्कल रोखता येत नाही. त्यामुळे पैसा एकाच ठिकाणी खर्च करायचा असेल, तर तो दावे लिहून घेण्यावर करणे शहाणपणाचे. पूर्वीच्या पेटंटांचा शोध मात्र पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो.

मर्यादा

शेती किंवा फळबागेची पद्धत कलम ३ नुसार पेटंटयोग्य नाही. कांदा लावण्याची नवी रीत संरक्षित होत नाही, परंतु लावणीचे नवे यंत्र होऊ शकते. पिकांच्या वाणांसाठी २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. केवळ बाह्य रूप नवे असल्यास डिझाइन नोंदणी अधिक स्वस्त पडते. भारतीय पेटंट भारतापुरतेच लागू असते.

साहाय्य

२००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान औपचारिक प्रशिक्षण नसलेल्या ग्रामीण शोधकांना पेटंट अर्जासाठी मदत करते. नवउद्यमांसाठी २०१६ पासूनच्या केंद्रीय योजनेत नेमून दिलेल्या साहाय्यकाचे मानधन सरकार देते. वैधानिक शुल्क मात्र अर्जदारालाच भरावे लागते. उच्च शिक्षण संस्थांसाठी २०२० मध्ये ‘कपिला’ हा कार्यक्रम सुरू झाला. महाविद्यालयामार्फत अर्ज करताना अर्जदार म्हणून कोणाचे नाव लागणार, हे विद्यार्थ्याने आधीच लेखी ठरवून घ्यावे, कारण शोधक म्हणून नाव नोंदले गेले तरी पेटंटाची मालकी अर्जदाराकडे जाते.