चिंतामणरावांची सही

साल 1948. तुम्ही बंगळूरमध्ये, लालबागच्या दक्षिणेला उभे आहात. जयनगर अजून जमिनीपेक्षा नकाशावरच जास्त आहे. गव्हर्नर जनरल राजाजींच्या हस्ते अशोकस्तंभ झाला, म्हणून वस्तीची खूण तरी पटते. खिशात हात घाला, दहाची नोट निघेल. चित्र सहाव्या जॉर्जचं, कारण स्वातंत्र्य मिळालं तरी नोटा बदलायला वेळ लागतो. सही मात्र सी. डी. म्हणजे चिंतामणराव देशमुख यांची. नाते या महाडजवळच्या गावी जन्म, मॅट्रिकला पहिला नंबर, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज आणि आयसीएस. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

ती नोट मुठीत धरून पाच वर्षं मागं चला. ऑगस्ट 1943, मुंबई, मिंट रोड. देशमुख नुकतेच खुर्चीवर बसलेत. बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मरताहेत आणि इथं नोटा छापल्या जाताहेत. ब्रिटन युद्धासाठी हिंदुस्थानातून माल घेतं, पैसे देतं ते लंडनच्या खात्यात, पौंडांत. त्या पौंडांच्या कागदावर इथं रुपये निघतात. युद्धाआधी जेमतेम 180 कोटींच्या नोटा चलनात होत्या, युद्ध संपेतो त्या सहापट होतील. लंडनमधली शिल्लक 130 कोटी पौंडांच्या आसपास जाईल. कागदावर आपण सावकार. बाजारात तांदूळ परवडत नाही. आणि प्रत्येक नव्या नोटेवर गव्हर्नरची सही! त्यांना ही व्यवस्था कळत नव्हती असं कोण म्हणेल? पण ती मोडणं त्यांच्या हाती नव्हतं.

पुढचा जुलै, अमेरिकेतलं ब्रेटन वुड्स. परिषदेच्या दालनात मागची खुर्ची पकडा. हिंदी शिष्टमंडळाचे नेते सर जेरेमी रेझमन, सोबत देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. श्रॉफ पोटतिडकीनं विचारतात, आमच्या पौंडांचं काय? ब्रिटनचे केन्स गोड बोलून तो प्रश्न परिषदेबाहेर ठेवतात. नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत चीनचा वाटा 55 कोटी डॉलर, हिंदुस्थानचा 40 कोटी. आपली मंडळी नाराज.

त्या चीनकडेही एक चक्कर मारायला हवी. मे 1916, शांघाय, बँक ऑफ चायना. पेकिंगच्या सरकारचा हुकूम आलाय की नोटांच्या बदल्यात चांदी देणं बंद करा. दाराशी रांग लागलेली, तुम्हीही तिच्यात. व्यवस्थापक सुंग हान-चांग आणि त्यांचे तरुण सहकारी चांग किआ-नगाऊ हुकूम बाजूला ठेवतात आणि खिडक्या उघड्या ठेवतात. चांगची शक्कल तर अस्सल कोर्टकचेरीवाल्याला शोभणारी: भागधारक आणि नोटाधारकांकडून स्वतःवरच दावे लावून घ्यायचे, म्हणजे खटला चालू असेतो सरकारला त्यांना हटवता येणार नाही. चांदी मिळत राहते. काही दिवसांत रांग विरते.

हेच चांग मार्च 1947 मध्ये चीनच्या सेंट्रल बँकेचे गव्हर्नर होतात. यादवी युद्धाचा खर्च छापखान्यातूनच निघतो आणि इथं दावे लावून घेण्याची युक्ती चालत नाही. मे 1948 मध्ये ते पायउतार होतात. ऑगस्टमध्ये 30 लाख जुन्या युआनना एक नवा ‘सुवर्ण युआन’ मिळू लागतो आणि तोही बघता बघता मातीमोल होतो. तुम्ही जयनगरात खिशातून दहाची नोट काढली, तेच हे साल.

पुढं चांगचे कागद कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेत गेले. देशमुखांचे दिल्लीत, तीन मूर्तीच्या संग्रहालयात. अशा दफ्तरांत लोक पैशाची गुपितं शोधतात. मला मात्र बँकरची ओळख त्यानं सरकारला कधी ‘नाही’ म्हटलं यावरून पटते. चांगनी ते ऐन उमेदीत म्हटलं. देशमुखांनी साठाव्या वर्षी.

तेव्हा 25 जुलै 1956, लोकसभेची प्रेक्षक गॅलरी. जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर झालं आणि कुलाब्यातून निवडून आलेल्या अर्थमंत्री देशमुखांनी राजीनामा पाठवला. आज ते कारणं सांगताहेत: मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला, मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली तरी न्यायालयीन चौकशी नाकारली. आयुष्यभर फाइलींवर टिपणं लिहिलेल्या माणसाची भाषा ती, आवाज न चढवता नेमकी लागणारी. मुंबईसह महाराष्ट्राला अजून पावणेचार वर्षं आहेत. ते आनंदानं वरून ओरडून सांगू नका, मार्शल बाहेर काढतील.