एकवीस तास : एका निर्दोषाचा निकाल

निर्दोष मरतो आणि दोषी सुटतो. यात न्याय कुठे आहे, हा ख्रिस्ती प्रायश्चित्त-सिद्धान्तापुढचा, म्हणजे येशूच्या मरणाने माणसांच्या पापांचं प्रायश्चित्त झालं या श्रद्धेपुढचा, सर्वांत अवघड प्रश्न. त्याचं उत्तर शोधायचं, तर यरुशलेममधला येशूच्या मृत्यूचा दिवस तासातासाने पाहायला हवा. साल बहुधा इ.स. ३० किंवा ३३. मार्काचं शुभवर्तमान त्या दिवसाच्या वेळा नोंदवतं. मधल्या काही वेळा इथे अंदाजाने धरल्या आहेत.

गुरुवार, संध्याकाळी ६ : २१ तास आधी

वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन. येशू भाकर मोडतो, प्याला पुढे करतो आणि हे माझं शरीर, हे माझं रक्त, असं सांगतो. पैशांच्या बदल्यात त्याला धरून द्यायचं कबूल केलेला शिष्य यहूदा त्याच पंगतीत आहे. अजून अटक नाही, आरोप नाही. कुणी जीव घेण्याआधीच येशूने तो देऊन टाकला आहे. पुढचं सगळं याच क्रमाने वाचायला हवं.

रात्री ११ : १६ तास आधी

गेथशेमाने बाग. हा प्याला टळावा, अशी तो पुन्हा पुन्हा प्रार्थना करतो. मरणाची त्याला हौस नाही. शिष्य झोपलेत. मशाली घेऊन माणसं येतात, एक तलवार उपसली जाते, एका दासाचा कान तुटतो. येशू तलवार म्यान करायला लावतो.

मध्यरात्रीनंतर : साधारण १४ तास आधी

आधी हन्नापुढे, मग त्याचा जावई, महायाजक कयफा याच्यापुढे. साक्षीदार पुष्कळ, पण जबान्या जुळत नाहीत. तरी निकाल जणू ठरलेलाच आहे. सगळं राष्ट्र बुडण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा, असा सल्ला कयफाने आधीच दिला होता. शांततेची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकवायची, हा त्याचा हिशेब. जगातली बहुतेक राज्यं याच हिशेबावर चालत आली आहेत.

अंगणात येशूचा शिष्य पेत्र तिसऱ्यांदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. कोंबडा आरवतो.

शुक्रवार, सकाळी ६ : ९ तास आधी

कैद्याला रोमन सुभेदार पंतय पिलाताकडे नेतात आणि वाटेत आरोप बदलतो. रात्री तो देवनिंदेचा होता. पण देवनिंदेशी रोमला देणंघेणं नाही. म्हणून आता तो राजद्रोहाचा होतो : हा स्वतःला राजा म्हणवतो. माणूस तोच, कलम नवं.

सकाळी ८ : ७ तास आधी

लूकचं शुभवर्तमान सांगतं, पिलात तीनदा म्हणतो की याच्यात दोष सापडत नाही. मधे तो कैद्याला गालीलचा शासक हेरोद याच्याकडे धाडून पाहतो. हेरोद त्याला परत पाठवतो. सणाला एक बंदी सोडायची रीत असते. बंडात खून केलेल्यांबरोबर पकडलेला बरब्बा सुटतो. मत्तय सांगतो, पिलात जमावासमोर हात धुतो. मग फटके, काट्यांचा मुकुट. न्यायाधीशाला सत्य ठाऊक आहे, आणि तरीही सही त्याचीच.

सकाळी ९ : ६ तास आधी

गुलगुथा. क्रूस वाहायला रानातून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला वेठीला धरलं. इथे येशूला क्रुसावर खिळलं. ही शिक्षा रोमन होती. १९६८ मध्ये यरुशलेमजवळच्या एका थडग्यात त्याच शतकात क्रुसावर खिळलेल्या एका माणसाच्या टाचेचं हाड सापडलं. खिळा त्यात तसाच रुतलेला होता. तरीही शतकानुशतकं ख्रिस्ती समाजाने या मृत्यूचा दोष साऱ्या यहुदी लोकांवर लादला आणि त्यांचा छळ केला. क्रुसाचं नाव घेऊन पुन्हा कयफाचाच हिशेब मांडला गेला. तो दोष सगळ्या यहुद्यांवर टाकता येत नाही, हे कॅथलिक चर्चने जाहीरपणे सांगितलं ते १९६५ मध्ये.

दुपारी १२ : ३ तास आधी

अंधार पडतो. उत्तम शुक्रवारी याच तीन तासांत अनेक मराठी चर्चमध्ये क्रुसावरच्या सात वचनांवर मनन चालतं. पहिलं वचन मारणाऱ्यांच्या क्षमेसाठी आहे.

क्रुसावरचं हे मरण समजून घ्यायला पुढे थोर डोकी झिजली. कँटरबरीच्या अन्सेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडलं की पापाने बिघडलेलं नुसतं ‘असू दे’ म्हणून सुटत नाही. भरपाई हवी, ती माणसाने द्यायची आहे, पण देऊ शकतो फक्त देव. त्याच्या मते भरपाई हा शिक्षेला पर्याय होता. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने तिथे शिक्षाच आणली : आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली. कॅल्विनच्या आधीच आबेलारने भर दिला प्रेमावर : एवढं प्रेम पाहून माणसाचं मन वळतं.

तिघांकडेही सत्याचा अंश आहे. पण रागावलेल्या देवाने कुणा तिऱ्हाइताला धरून मारलं, असं सांगितलं की देवाच्या आसनावर आपण कयफाला बसवतो. चर्चची मूळ श्रद्धा तशी नाही. ख्रिस्तात स्वतः देवच होता, असं प्रेषित पौल लिहितो. न्यायाधीश स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उतरला. दुसऱ्याला उतरवलं नाही. कयफाचा हिशेब आणि क्रूस यांच्यातला सगळा फरक इथे आहे.

दुपारी ३

मंदिरात संध्याकाळच्या अर्पणाची वेळ. येशू मोठ्याने ओरडतो : माझ्या देवा, तू मला का सोडलंस? आणि प्राण सोडतो. मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. हा देवाचा पुत्र होता, ही कबुली देतो तो शिक्षा अमलात आणणारा रोमन शताधिपती.

त्यानंतर

या मृत्यूने पाप किरकोळ ठरत नाही. ते किती महाग पडतं, ते इथे दिसतं. आणि क्षमा मिळाली म्हणून दोषीची जबाबदारी संपत नाही. यरुशलेमला येताना यरीहोत येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरला होता. त्याला कुणी शिक्षा केली नव्हती. लुबाडलेलं चौपट परत करायला तो आपणहून उभा राहिला. प्रायश्चित्त मानणाऱ्याने त्याच्यासारखी भरपाई करावी आणि निर्दोषाच्या जिवावर शांतता विकत घेणाऱ्या कुठल्याही निकालावर सही करू नये.