पितळी वाफइंजिन (प्रतिकृती) : दुरुस्ती व रंगकाम

पितळी पत्रा, तारा आणि ओतीव भाग डाख लावून जोडलेले लघुमापातील वाफेचे इंजिन पुन्हा धावते करून त्याला मूळ रेल्वेच्या रंगात आणण्याचे काम. या छंदाचे माहेर अमेरिका. इंजिने मात्र बहुतेक जपानी हातची. सर्वांत प्रचलित माप एचओ, म्हणजे 1:87. त्यात दोन रुळांमधले अंतर 16.5 मिमी असते. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातल्या गाड्याही याच मापाच्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात मजुरी स्वस्त होती आणि बारीक कामाचे कारागीर मुबलक होते. टोकियोच्या गिंझा भागातले तेनशोदो, तसेच कात्सुमी आणि युनायटेड ही या काळातल्या निर्मात्यांमधली गाजलेली नावे. अमेरिकेत हा माल आणणाऱ्यांमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ‘पॅसिफिक फास्ट मेल’चा मोठा दबदबा होता. पुढे जपानी मजुरी आणि येन दोन्ही महागले, तसे काम कोरियात आणि नंतर चीनमध्ये सरकले. यातली बरीच इंजिने न रंगवताच, पितळेवर पारदर्शक लॅकरचा हात देऊन विकली जात. रंग ग्राहकाने द्यायचा, ही त्यामागची अपेक्षा. अनेकांनी तो दिलाच नाही, काहींनी घाईत दिला; आज दुरुस्तीला येणारी इंजिने प्रामुख्याने या दोन गटांतली.

न रंगवलेले पितळ कपाटात छान दिसते, यात शंका नाही. संग्राहकांचा एक वर्ग त्याला हात लावू देत नाही आणि वाईट रंगकामाने किंमत पडते, हेही खरे. तरीही सोनेरी बॉयलरचे मालगाडीचे इंजिन कोणत्याही रुळावर कधी धावले नव्हते. रिव्हेटच्या रांगा, पाइपांची वळणे, पायऱ्यांच्या कडा हे कारागिराचे कष्ट चकाकीत बुडून जातात आणि मॅट रंग चढला की दिसू लागतात. मूळ खोका, लॅकर आणि कागदपत्रे शाबूत असलेला दुर्मीळ नग वगळला, तर रंगकामाची बाजू अधिक भक्कम आहे.

कामाची सुरुवात रंगाने होत नाही. आधी इंजिन चालवून पाहायचे. जुन्या जपानी रचनेत इंजिनाची चाके एका रुळावरून वीज घेतात, टेंडरची (मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) चाके दुसऱ्यावरून. टेंडरकडची वीज इंजिन व टेंडर यांच्यामधल्या जोडदांड्यातून मोटरपर्यंत पोहोचते. त्यामुळे जोडदांड्यावरचा मळ किंवा एखादे झिजलेले इन्सुलेशन वॉशर एवढ्यानेही इंजिन जागीच बसते. दुसरा नेहमीचा आजार म्हणजे मोटर आणि गिअरपेटी जोडणारी रबरी नळी. काही दशकांत ती कडक होते, चिरते. मोटर गुरगुरते आणि चाके ढिम्म. नळी नवी घालणे सोपे आहे. उघड्या चुंबकाची जुनी मोटर बराच प्रवाह ओढते, म्हणून तिच्या जागी बंद डब्याची लहान मोटर बसवण्याची पद्धत रूढ झाली. डिजिटल नियंत्रण हवे असेल, तर मोटरचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने अलग करावेच लागतात. एक जोड चुकून राहिला तरी डिकोडर (डिजिटल आज्ञा मोटरपर्यंत पोहोचवणारा भाग) जळतो.

चाकांच्या बाबतीत एक पथ्य कसोशीने पाळले जाते : ती आसावरून काढायची नाहीत. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिनांमध्ये 90 अंशांचा फरक असतो. सगळ्या आसांवर हा फरक तंतोतंत सारखा लागतो. एक चाक जरा सरकले की साइड रॉड (चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्या) अडकतात आणि इंजिन लंगडत चालते. हा कोन पुन्हा जुळवायला खास साचा लागतो.

मग इंजिन उघडले जाते. बॉयलर बहुधा खालून दोन-तीन स्क्रूंनी सांगाड्याला धरलेला असतो : पुढचा सिलिंडरच्या ठोकळ्यातून, मागचे कॅबखाली. स्क्रू दिसायला सारखे, लांबीला वेगळे. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आत टेकून शॉर्टसर्किट करतो. म्हणून प्रत्येकाची जागा लिहून ठेवलेली बरी. दिव्यांची भिंगे, प्लॅस्टिकची वॉशरे, स्प्रिंगा, मोटर, बॉयलरमधले शिशाचे वजन, सगळे बाहेर निघते.

जुना रंग आणि लॅकर थिनरमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये सुटतात; हातमोजे, मोकळी हवा आणि आसपास ज्योत नसणे आवश्यक. कोपऱ्यांतला गाळ अल्ट्रासॉनिक टाकी काढते. रंग उतरला की इंजिनाचा खरा इतिहास समोर येतो : पडून दबलेला कॅबचा कोपरा, कोणीतरी गोंदाने चिकटवलेली शिट्टी, बोटांच्या घामाने काळवंडलेले पितळ, क्वचित हिरवा कळंक. पोचा आतून लाकडी दांडीने हळूहळू दाबून काढतात. हातोडी टाळलेली बरी. सुटलेला भाग पुन्हा डाख लावून बसवताना शेजारचे जोड उकलण्याची भीती असते, कारण 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेला डाख 183 अंश सेल्सिअसलाच वितळतो. शेजारच्या भागावर ओली चिंधी किंवा धातूचे चिमटे लावून उष्णता अडवतात. दोन कार्बन टोकांमधून वीज सोडून नेमक्या जागी ताप देणारे रेझिस्टन्स सोल्डरिंगचे यंत्र इथे फार उपयोगी पडते.

गुळगुळीत पितळेवर रंग टिकत नाही. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक भुकटीचा सौम्य मारा करून पृष्ठभाग किंचित खरबरीत करतात. काही जण कोमट व्हिनेगरमध्ये भिजवून, नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन काम भागवतात. यापुढे उघड्या बोटाचा स्पर्श वर्ज्य. धातूला धरून बसणारा एच (etch) प्रायमर पातळ मारावा, नाहीतर रिव्हेट बुजतात.

रंगासाठी फ्लोक्विल हे नाव या छंदात अनेक दशके प्रमाण मानले जाई. 2013 मध्ये ते उत्पादन बंद झाले आणि जुन्या बाटल्या जपून वापरल्या जाऊ लागल्या. स्केलकोट हा दुसरा जुना पर्याय, खास धातूसाठी केलेला आणि भट्टीत भाजता येणारा. भाजण्याचे तापमान साधारण 90 अंश सेल्सिअस. डाखाच्या वितळबिंदूपासून ते बरेच लांब असल्याने जोड सुरक्षित राहतात आणि रंग टणक होतो.

काळे इंजिन रंगवणे सोपे वाटते, पण शुद्ध काळा लहान मापात डांबरासारखा सपाट दिसतो. म्हणून त्यात थोडा राखाडी मिसळतात. धूरपेटी आणि अग्निपेटी बाकीच्या बॉयलरपेक्षा वेगळ्या छटेत हव्यात : तिथल्या उष्णतेत साधा रंग जळून जाई, म्हणून खऱ्या इंजिनांवर ग्राफाइटचा लेप देत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या इंजिनांचा गडद हिरवा तर काळ्याच्या इतका जवळचा, की त्यात हिरवे किती आणि काळे किती यावर छंदकऱ्यांचे आजवर एकमत नाही.

खरी परीक्षा सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या ‘डेलाइट’ इंजिनाची. 1941–42 मध्ये लिमा कारखान्याने बांधलेली जीएस-4 वर्गाची 28 इंजिने सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस धावणाऱ्या नारिंगी-लाल-काळ्या ‘डेलाइट’ गाडीसाठी होती. त्यांतले 4449 हे एकच आज शिल्लक आहे. प्रतिकृतीवर आधी फिकट नारिंगी, मग लाल, शेवटी काळा, असा क्रम ठेवतात. कॅबपासून टेंडरपर्यंतचे पट्टे एका रेषेत यायला हवेत. म्हणून मास्किंग टेप लावण्यापूर्वी इंजिन आणि टेंडर जोडून, दोन्ही रुळांवर उभे करून खुणा करतात. टेपची कड नखाने नीट दाबली नाही तर रंग तिच्याखाली झिरपतो, आणि पट्टा पहिल्यापासून करावा लागतो.

अक्षरे आणि क्रमांक डिकॅलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्राने) लागतात. त्यासाठी पृष्ठभाग चकचकीत लागतो. मॅट रंगावर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. मऊ करणारे द्रावण लावले की डिकॅल रिव्हेटवर बसते. मॅट लेप त्यानंतर.

चाकांचा रुळावर टेकणारा भाग, आसांच्या बैठका, जोडदांड्याचे टोक आणि विजेच्या संपर्काच्या जागा कोऱ्या ठेवाव्या लागतात. साइड रॉडवर रंगाऐवजी रासायनिक काळेपणा देतात, कारण रंगाचा थर पिनांवर दाटतो.

साठवणुकीत अनपेक्षित शत्रू म्हणजे मूळ खोक्यातला फोम. जुना फोम विरघळून चिकट होतो आणि नव्या रंगाला कायमचा ठसा उमटवतो. तो काढून टाकून, इंजिन आधी पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळून मगच नव्या पॉलिथिन फोमच्या खाचेत ठेवतात. खोका मात्र फेकत नाहीत, कारण विकताना त्याचीही किंमत येते.