एकाच नावाची माणसे

स्नानसंस्काराची नोंद करण्यासाठी येणारे तरुण आईवडील अलीकडे एक निराळीच चिंता घेऊन येतात. निवडलेले नाव त्यांना मनापासून आवडलेले असते. परंतु तेच नाव शेजारच्या घरीही ठेवले गेल्याचे कळते आणि त्यांचे मन खट्टू होते. वर्गात या नावाची चार मुले असतील, मग आमच्या बाळाची ओळख ती काय राहणार, असे ते विचारतात. पूर्वी आम्ही हा प्रश्न हसण्यावारी नेत असू. आता तसे करीत नाही. कारण आपले मूल गर्दीत हरवेल ही आईवडिलांची भीती खरी असते. तिचे उत्तर आम्हांला ख्रिस्तसभेच्या इतिहासात सापडते.

प्रथम प्रभू येशूच्या काळाकडे पाहू. त्या काळच्या पॅलेस्टाईनमधील ग्रंथांत, शिलालेखांत व अस्थिपेट्यांवर आढळणारी नावे अभ्यासकांनी एकत्र केली आहेत. त्यांत पुरुषांमध्ये शिमोन हे नाव सर्वांत अधिक दिसते. स्त्रियांमध्ये तर साधारणतः पाचांतील एक मरिया आहे. योहान, शिमोन, यहुदा, एलाजार व योनाथान ही मक्काबी बंधूंची नावे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात त्यांनी परकीय सत्तेशी झुंज दिली. त्या अभिमानापोटी पुढील पिढ्यांत ही नावे रुजली, असे अभ्यासक मानतात. त्याचा परिणाम शुभवर्तमानात दिसतो. बारा प्रेषितांत दोन शिमोन, दोन याकोब आणि दोन यहुदा! म्हणून एका शिमोनाला पेत्र म्हणावे लागले, दुसऱ्याला जिलोत. संत योहान तर एका यहुदाची ओळख 'इस्कार्योत नव्हे' अशी करून देतो. देवदूताने सांगितलेले येशू हे नावही दुर्मीळ नव्हते; म्हणूनच लोक 'नाझरेथचा येशू' म्हणत. जगाच्या तारणाऱ्याने आपल्या गावच्या चारचौघांसारखेच नाव धारण केले.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी जुनी नावे लगेच टाकून दिली नाहीत. संत पौलाच्या रोमकरांस पत्रात हर्मेस आणि नीरिय ही ग्रीक देवांची नावे सुखाने नांदतात. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे महागुरू दिओनिसियस लिहितात की, श्रद्धावंतांच्या मुलांमध्ये पेत्र व पौल ही नावे पुष्कळ आढळतात. गंमत अशी की, त्यांचे स्वतःचे नाव मद्याचा देव दिओनिससवरून आलेले होते!

चौथ्या शतकातील अंत्युखियाची हकिकत तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तेथील महागुरू मेलेशियस यांना पदावर येऊन जेमतेम महिना झाला असेल, तोच सम्राटाने त्यांना हद्दपार केले. लोक सम्राटापुढे काय करणार? त्यांनी आपल्या मुलांना मेलेशियस हे नाव देण्यास आरंभ केला. महागुरूंच्या मृत्यूनंतर (381) काही वर्षांनी संत योहान क्रिझोस्तोम यांनी त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन केले. त्यात ते सांगतात की, गल्लीबोळांत, बाजारात, शेतावर, जिकडेतिकडे हेच नाव कानी पडे. ते ऐकताच त्या पवित्र पुरुषाची आठवण होई आणि मनातील अविचार मागे सरत असे. नावाची गर्दी झाली, परंतु त्या गर्दीत धर्मपित्यावरील निष्ठा जिवंत राहिली.

याच क्रिझोस्तोमांनी एका प्रथेवर कोरडे ओढले आहेत. काही पालक अनेक दिवे लावून प्रत्येकाला एकेक नाव देत आणि जो दिवा सर्वांत उशिरा विझे त्याचे नाव बाळाला ठेवीत. हेतू हा की बाळाला दीर्घायुष्य लाभावे. हे सोडून संतांची नावे द्या, असा त्यांचा उपदेश होता. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर 1566 साली निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने हीच शिफारस केली.

1534 साली वसई पोर्तुगीजांकडे आली आणि ही परंपरा आपल्याही दारी पोचली. सेबास्तियांवचा बस्त्याव झाला, इनासियूचा इनास, पास्कोलचा पास्कू. एका आळीत तीन पास्कू असले तरी कोणी हरवले नाही; बापाच्या, घराच्या, विहिरीच्या नावाने माणसे त्यांना ओळखीत. आज संताचेच नाव हवे अशी सक्ती नाही; ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव नसावे, एवढीच दक्षता 1983 चा धर्मसंहिताग्रंथ आपल्याकडून अपेक्षितो.

तेव्हा आईवडिलांनी नाव किती जणांचे आहे हे मोजत बसू नये. ते का ठेवले, हे मुलाला सांगता यावे. मरियांनी भरलेल्या त्या देशात, पुनरुत्थानाच्या सकाळी, कबरेपाशी रडणाऱ्या एका स्त्रीला प्रभूने सर्वांत सामान्य नावाने हाक मारली. ती हाक आपल्यालाच आहे, हे तिने तत्क्षणी ओळखले.